गिरगावातले गणिताचे प्राध्यापक

मागच्या वर्षीची गोष्ट. एंड सेमिस्टर तोंडावर आली होती. रात्री दीडच्या सुमारास आम्ही चौघे एम-थ्रीच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवत बसलो होतो. तेवढ्यात शेजारच्या विंगमधला एक मित्र दार न वाजवता आत आला आणि कॉटवर बसला. त्याचं नाव सांगत नाही. तो अजून इथेच राहतो आणि हे मॅगझिन मेसच्या टेबलावर महिनाभर पडलेलं असतं. चेहरा एकदम चार विषयांत केटी लागल्यासारखा. बराच वेळ काही बोलेना. मग हळूहळू बाहेर आलं. त्याचं आणि त्याच्या मैत्रिणीचं दोन वर्षांपासून चांगलं चाललंय, दोघंही सज्ञान आहेत, आणि त्या दिवशी त्यांनी वापरलेला कंडोम फाटला होता.

पुढचा अर्धा तास जे घडलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. खोलीत आम्ही पाच भावी इंजिनिअर. मशीन ड्रॉइंगमध्ये शाफ्ट आणि होलचा टॉलरन्स मायक्रॉनमध्ये सांगणारे. पण आता काय करायचं हे एकालाही माहीत नव्हतं. एकाने गरम पाण्याचा उपाय सांगितला. दुसऱ्याने गावाकडच्या कुठल्यातरी काढ्याचं नाव घेतलं. तिसऱ्याने मोबाईलवर शोधलं तर एकमेकांशी न जुळणारी बारा उत्तरं मिळाली. चौथा नुसताच हसत होता, कारण भीती वाटली की त्याला हसू येतं. आणि मी? मी दार बंद आहे ना हे तीनदा उठून बघितलं.

सकाळी ते दोघं एका डॉक्टर बाईंकडे गेले. सोबत म्हणून मीही गेलो आणि बाहेरच्या बाकावर बसलो. बाईंनी आधी मैत्रिणीला एकटीला आत घेऊन विचारपूस केली, तिची इच्छा विचारली. इमर्जन्सी गोळी ७२ तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी चांगली, हे आम्हाला तिथे कळलं. सगळं नीट झालं. निघताना बाईंनी मलाही आत बोलावलं आणि तिघांना समोर बसवून दहा मिनिटांत सगळं समजावलं. बारा वर्षांच्या शाळेत आणि दोन वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये कोणी सांगितलं नव्हतं ते. शेवटी त्यांनी विचारलं, रघुनाथ कर्वे माहीत आहेत का? शंभर वर्षांपूर्वी याच मुंबईत एका गणिताच्या प्राध्यापकाने हेच सांगितलं आणि त्यापायी नोकरी सोडली.

कर्वे म्हटलं की मला फक्त रस्ता माहीत होता. चर्नी रोड स्टेशनबाहेरचा महर्षी कर्वे रोड. तो रस्ता वडिलांच्या नावाचा. मुलाची गोष्ट मी त्यानंतर शोधली. लायब्ररीत य. दि. फडके यांनी लिहिलेलं चरित्र मिळालं, अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ हा २००१ सालचा सिनेमा रूमवर लॅपटॉपवर पाहिला, आणि एका रविवारी दादरहून स्लो लोकल पकडून गिरगावात चक्कर मारून आलो. त्यातून जे समजलं ते माझ्या भाषेत सांगतो.

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, कोकणातल्या मुरूडचा. एक योगायोग बघा. त्याच १८८२ साली अॅम्स्टरडॅममध्ये अॅलेटा जेकब्स या डॉक्टर बाईंनी संततिनियमनाचं जगातलं पहिलं समजलं जाणारं केंद्र सुरू केलं होतं. रघुनाथ नऊ वर्षांचा असताना १८९१ मध्ये त्याची आई राधाबाई वारली. दोन वर्षांनी, १८९३ मध्ये, वडिलांनी म्हणजे धोंडो केशव कर्वे यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. मुरूडच्या लोकांनी घरावर बहिष्कार टाकला. अकरा वर्षांच्या मुलाने तो जवळून पाहिला. समाज एखाद्याला कसा वाळीत टाकतो याचं प्रॅक्टिकल त्याच्या घरातच झालं. पुढे त्याला स्वतःलाच ते द्यायचं होतं.

मुलगा हुशार. १८९९ मध्ये मॅट्रिकला मुंबई इलाख्यात पहिला आला. आजच्या हिशेबाने स्टेट टॉपर. पुढे फर्ग्युसनमध्ये शिक्षण, मग गणिताचा प्राध्यापक. वडीलही गणिताचेच प्राध्यापक. रँग्लर र. पु. परांजपे नात्यातले. म्हणजे गणित घरातच होतं. पहिल्या महायुद्धानंतर ते पुढच्या अभ्यासासाठी पॅरिसला गेले. तिथे गणिताबरोबर आणखी एका विषयाची पुस्तकं त्यांनी वाचली. मूल कधी हवं, किती हवीत आणि हवं की नको हे माणसाने स्वतः ठरवावं आणि त्याची साधनं असतात, हा तो विषय.

परत आल्यावर १९२१ साली त्यांनी गिरगावात संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. भारतातलं हे पहिलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंचं गाजलेलं क्लिनिक सुरू झालं तेही याच वर्षी. अमेरिकेत मार्गारेट सँगर यांनी १९१६ मध्ये ब्रुकलिनला क्लिनिक काढलं होतं, ते पोलिसांनी काही दिवसांत बंद केलं. म्हणजे आपण नेहमी म्हणतो की परदेशात सगळं आधी होतं आणि आपल्याकडे वीस वर्षांनी येतं. इथे तसं नव्हतं. गिरगाव लंडनच्या बरोबरीने चाललं होतं. फक्त गिरगावालाच ते नको होतं!

त्या वेळची मुंबई डोळ्यांसमोर आणा. लालबाग, परळ, नायगावच्या चाळी गिरणी कामगारांनी खच्चून भरलेल्या. एका खोलीत सात-आठ माणसं, तिथेच चूल, तिथेच मोरी, तिथेच बाळंतपण. परळचं केईएम हॉस्पिटल आणि वाडियांचं प्रसूतिगृह दोन्ही १९२६ सालची. म्हणजे कर्व्यांनी केंद्र उघडलं तेव्हा परळमध्ये तीही नव्हती. बाईला मूल नको असलं तरी नको म्हणायची सोय नव्हती. पुरुष बाहेरून गुप्तरोग घेऊन आला तर तो निमूटपणे सोसणं एवढंच तिच्या हातात होतं. अशा शहरात एक प्राध्यापक सांगत होता की हे नशीब नाही, याला उपाय आहे, आणि तो उपाय विकत मिळतो.

केंद्राच्या कामात मालतीबाई म्हणजे त्यांच्या पत्नी बरोबरीने उभ्या होत्या. त्या स्वतः शिकलेल्या होत्या. या दोघांनी मूल न होऊ देण्याचा निर्णय विचार करून घेतला आणि पाळला. दुसऱ्याला सांगायचं ते आधी घरात करायचं, ही कर्वे घराण्याची सवयच म्हणायची. साधनं आणि पुस्तकं विकण्यासाठी त्यांची ‘राइट एजन्सी’ होती. १९२३ मध्ये ‘संततिनियमन’ हे पुस्तक आलं. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावरही त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिलं. त्यात आडपडदा नव्हता. जसं गणिताच्या पुस्तकात स्टेप बाय स्टेप लिहितात तसं.

आता नोकरीचं काय झालं ते ऐका. कर्वे तेव्हा गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवत होते. एका बाजूला कॅल्क्युलस आणि दुसऱ्या बाजूला गर्भनिरोधक साधनांचा प्रचार, हे मिशनरी कॉलेजच्या चालकांना पटणं शक्य नव्हतं. हे काम तरी सोडा नाहीतर कॉलेज तरी, अशी वेळ आली. १९२५ मध्ये त्यांनी कॉलेज सोडलं. वय ४३. प्राध्यापकाचा पगार, मान, पुढची पेन्शन, सगळं सोडून. प्लेसमेंटच्या पॅकेजवरून रात्र रात्र चर्चा करणाऱ्या आमच्या विंगला मी हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच कोणी काही कमेंट केली नाही.

नोकरी गेल्यावर माणूस जरा सांभाळून वागतो. हे महाशय उलटे. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढलं. संततिनियमन, लैंगिक आरोग्य, वेश्याव्यवसाय, स्त्रीचा स्वतःच्या शरीरावरचा हक्क, धर्मातल्या अंधश्रद्धा, असे विषय. मुखपृष्ठावर बहुतेक वेळा नग्न स्त्रीचं चित्र, कारण शरीरात लाजण्यासारखं काही नाही हे त्यांना दाखवायचं होतं. वाचक पत्रं पाठवून शंका विचारत आणि कर्वे त्यांना सरळ उत्तरं देत. त्या शंका काय असतील याचा अंदाज कोणत्याही हॉस्टेलवाल्याला येईल. रात्री दोन वाजता लाइट बंद झाल्यावर जे विचारलं जातं तेच. हस्तमैथुनाने अशक्तपणा येतो का, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आमच्या फर्स्ट इयरलाही होता. (येत नाही. डॉक्टर बाईंनी सांगितलंय.)

स्त्रीला शरीरसुखाचा पुरुषाइतकाच हक्क आहे आणि तिच्या इच्छेविरुद्ध काही होता कामा नये, हे त्यांनी त्या काळात लिहिलं. आज आपण ज्याला कन्सेंट म्हणतो त्याच्या जवळ जाणारं. त्यांचं सगळंच आज जसंच्या तसं पटेल असं नाही. शिवाय त्यांची लेखणी फार तिखट होती. समोरच्याला दुखवलं तर आपलेच चार मित्र कमी होतील, असा हिशेब या गणितज्ञाने कधी केलेला दिसत नाही. महात्मा गांधी साधनांच्या विरुद्ध आणि ब्रह्मचर्याच्या बाजूचे, तर कर्व्यांनी त्यांच्यावरही टीका केली. साहजिकच सनातनी विरुद्ध, राष्ट्रभक्त विरुद्ध, आणि ज्यांना मनातून पटत होतं ते गप्प.

मग खटले सुरू झाले. १९३१ मध्ये व्यभिचारावरच्या एका लेखासाठी अश्लीलतेच्या आरोपावरून अटक झाली आणि १०० रुपये दंड. १९३४ मध्ये पुन्हा अटक. या वेळी आक्षेप होता वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवर. आणि या खटल्यात कर्व्यांचं वकीलपत्र कोणी घेतलं असेल? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. परळच्या दामोदर हॉलमध्ये ज्यांचं ऑफिस होतं आणि दादरच्या हिंदू कॉलनीत ज्यांचं राजगृह आहे, ते आपल्या भागातले बाबासाहेब. तेव्हा ते गोलमेज परिषदा आणि पुणे करार पार केलेले देशपातळीवरचे नेते होते. गावाने टाकलेल्या माणसाची, तीही अश्लीलतेची केस घेऊन त्यांना मिळण्यासारखं काहीच नव्हतं. तरी त्यांनी घेतली. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते आपोआप अश्लील होत नाही, आणि लोकांच्या मनात चुकीच्या समजुती असतील तर त्या ज्ञानानेच जातील, असा त्यांच्या बाजूचा रोख होता. कोर्टाने तो मानला नाही. २०० रुपये दंड झाला. पुढे १९३८ मध्ये बाबासाहेबांच्या पक्षातर्फे मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला गेला, तोही फेटाळला गेला.

हरले म्हणायचे का? खटले हरले. पैसा कधी आलाच नाही, मासिक पदरमोड करून चालवलं. १९४४ मध्ये मालतीबाई गेल्या. तरी अंक निघत राहिले. १४ ऑक्टोबर १९५३ ला कर्वे गेले आणि नोव्हेंबर १९५३ च्या अंकाबरोबर ‘समाजस्वास्थ्य’ही थांबलं. सव्वीस वर्षं. आपलं हे मॅगझिन वर्षातून एकदा काढताना जाहिराती मिळवायला एडिटोरियल टीमची काय धावपळ होते ते आपण पाहतो. त्या माणसाने सव्वीस वर्षं जवळजवळ एकट्याने दर महिन्याला अंक काढला.

आणि गंमत बघा. मृत्यूच्या आदल्याच वर्षी, १९५२ मध्ये, भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू केला. सरकारी पातळीवर असं करणारा भारत जगातला पहिला देश मानला जातो. त्याच वर्षी याच मुंबईत कुटुंबनियोजनाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १९६८ च्या सुमारास सरकारने ‘निरोध’ बाजारात आणला, १५ पैशांना तीन, आणि तो खेड्यापाड्यात पोचवायला चहा-साबण विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांचं जाळं वापरलं. ज्या वस्तूचा प्रचार केला म्हणून एकाला कॉलेज सोडावं लागलं, ती पानाच्या गादीवर मिळायला लागली. वडिलांना १९५८ मध्ये, वयाच्या शंभरीत, भारतरत्न मिळालं. ते मुलानंतर नऊ वर्षं जगले. वडिलांच्या नावाचा रस्ता आहे. मी गिरगावात गल्ल्या-गल्ल्यांतून फिरलो, पण त्या केंद्राची खूण सांगणारी पाटी मला कुठे दिसली नाही.

इथे लेख संपवला असता तर तो नेहमीसारखा थोर माणसाला नमस्कार झाला असता. पण कर्व्यांना नमस्कार आवडला नसता असं मला वाटतं. त्यांनी विचारलं असतं, तुमच्या मित्राचं नेमकं काय चुकलं ते लिहिलंत का? तर लिहितो.

त्याने पाकीट घेतलं गणपतीच्या सुट्टीत. मेडिकलमध्ये दोन बायका उभ्या होत्या म्हणून हा लाजून जे हातात दिलं ते घेऊन पळाला. एक्स्पायरी डेट पाहिली नाही, साइज पाहिला नाही. मग तो कंडोम पँटच्या मागच्या खिशातल्या पाकिटात चार महिने होता. त्यावर हा लोकलमध्ये, बाइकवर, लेक्चरला बसला. उष्णता आणि घर्षणाने लॅटेक्स कमजोर होतं, हे मटेरियल सायन्समध्ये पोलिमर शिकलेल्या माणसाला सांगावं लागू नये. वेष्टण दाताने फाडलं. आणि कोरडेपणा म्हणून खोबरेल तेल लावलं! तेलाने, व्हॅसलिनने किंवा लोशनने लॅटेक्स काही मिनिटांत कमकुवत होतं. पाण्याचं किंवा सिलिकॉनचं वंगणच चालतं. एका कंडोममध्ये इतके फेल्युअर मोड एकत्र आल्यावर तो फाटला नसता तरच नवल.

वस्तू वाईट नव्हती. कंडोम कारखान्यातून कसा बाहेर पडतो ते वाचून मी चाट पडलो. आयएसओ ४०७४ हा त्याचा मानक. प्रत्येक बॅचमधले नमुने घेऊन त्यात ३०० मिलिलिटर पाणी भरून गळती पाहतात. हवा भरून फुटेपर्यंत फुगवतात. नेहमीच्या मापाचा कंडोम किमान १८ लिटर हवा आणि १ किलोपास्कल दाब सोसल्याशिवाय फुटता कामा नये. १८ लिटर म्हणजे आपली आंघोळीची बादली. मापाची शंका असलेल्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा, आणि तरीही पाकिटावरची मिलिमीटरमधली रुंदी वाचावी. फार घट्ट असेल तर फाटतो, फार सैल असेल तर निसटतो. इंजिनिअरच्या भाषेत, फिट महत्त्वाचा.

बाकीची पद्धत डॉक्टर बाईंनी सांगितली तशी. तारीख पाहायची. पाकीट दाबून आत हवेची उशी आहे का बघायचं, नसेल तर ते फुटलेलं आहे. खाचेपाशी हाताने फाडायचं, नखं आणि दात लांब. शरीराचा संपर्क येण्याआधीच घालायचा, मध्येच नाही. टोकाची हवा चिमटीत दाबून काढायची आणि मुळापर्यंत उलगडायचा. उलटा लागला तर तो टाकून नवा घ्यायचा. दोन एकावर एक घालायचे नाहीत, घर्षणाने दोन्ही फाटतात. नंतर शिथिलता येण्याआधी कडा धरून बाहेर यायचं, गाठ मारून कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायचा. संडासात टाकायचा नाही, आपल्या विंगचं प्लंबिंग आधीच कसं आहे ते सर्वांना माहीत आहे. एक कंडोम एकदाच. लॅटेक्सची अॅलर्जी असेल तर पॉलीयुरेथेन किंवा पॉलीआयसोप्रीनचे मिळतात. आणि कोणाही एकाचं नाही असेल तर विषय संपला, मग खिशात कितीही महागडा ब्रँड असो.

आता एक आकडा, कारण कर्वे गणिताचे होते. कंडोम दर वेळी अगदी बरोबर वापरला तर वर्षभरात शंभर जोडप्यांपैकी साधारण २ जोडप्यांत गर्भ राहतो. लोक प्रत्यक्षात वापरतात तसा वापरला तर साधारण १३. वस्तू तीच, कारखाना तोच. मधला जो ११ चा फरक आहे तो कुठून आला? घाईतून, आळसातून, न वाचण्यातून आणि मुख्य म्हणजे लाजेतून. कर्व्यांनी आयुष्य घालवलं ते याच फरकासाठी. साधन देणं हा अर्धा भाग. ते कसं वापरायचं हे उघडपणे सांगणं हा उरलेला अर्धा, आणि त्यासाठीच त्यांना कोर्टात उभं केलं गेलं.

मित्रांनो (आणि मैत्रिणींनो, हे तुमच्यासाठीही आहे), सरकारी दवाखान्यांत निरोध मोफत मिळतो. एचआयव्हीची गोपनीय तपासणी मोठ्या सरकारी हॉस्पिटलांत होते, आणि १०९७ या नंबरवर फुकट माहिती मिळते. काही चुकलं तर डॉक्टरकडे त्याच दिवशी जा. रूमवर बैठक घेऊ नका, ती आम्ही घेऊन झाली आहे. आणि रेक्टर सर, स्टाफमधले सर-मॅडम, एक नम्र विनंती. ओरिएंटेशनमध्ये रॅगिंगवर तासभर बोलता, त्यातली वीस मिनिटं एखाद्या डॉक्टरांना या विषयावर द्या. कोणाची नोकरी जाणार नाही. ती किंमत १९२५ मध्येच भरून झाली आहे.

माझा तो मित्र आता बरा आहे. दोघंही बरे आहेत. परवा फर्स्ट इयरचा एक मुलगा घाबरत घाबरत त्याच्या रूममध्ये काही विचारायला आला होता. मी दारावरून जात होतो. त्याने दार बंद केलं नाही. पोराला खुर्चीवर बसवलं आणि नीट, सावकाश, स्टेप बाय स्टेप समजावून सांगायला लागला. गणित शिकवावं तसं.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी